पायांनी वाचलेला शेक्सपिअर

(नागपूर येथील एका स्मृती व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



नाटक शिकवणाऱ्या माणसाला माईकसमोर तासभर एका जागी उभं करणं ही तशी शिक्षाच. त्यातून आजचा विषय बोलण्यापेक्षा करून पाहण्याचा आहे. पण संयोजकांनी खुर्च्या जमिनीला जखडलेलं सभागृह घेतलंय, तेव्हा बोलण्यावाचून गत्यंतर नाही.

सुरुवात आपल्या गावापासूनच करतो. १९४४ साली इथल्या मॉरिस कॉलेजातून रायपूरचा एक तरुण बी. ए. झाला. त्या वेळी रायपूर मध्य प्रांतात होतं आणि प्रांताची राजधानी नागपूर. त्या तरुणाचं नाव हबीब तन्वीर. पुढे तो मुंबईला गेला, दिल्लीला गेला, १९५५मध्ये लंडनच्या राडा या नाट्यशाळेत आणि नंतर ब्रिस्टल ओल्ड विकच्या शाळेत शिकायला गेला. परत आल्यावर १९५८ साली त्यांनी ‘मृच्छकटिका’वरून ‘मिट्टी की गाड़ी’ केलं आणि त्यात छत्तीसगढच्या नाचा या लोकनाट्यातले सहा कलावंत घेतले. गावात रात्र रात्र लोकांना हलू न देणारी ही माणसं. पण शहरातल्या तालमीत उभी राहिली की त्यांचे हात अंगाला चिकटायचे, आवाज घशात अडकायचा. हे असं का होतं, हे उमगायला तन्वीरांना बरीच वर्षं लागली. त्यांनी ते पुढे अगदी मोकळेपणानं सांगितलंय. एक तर ते या माणसांकडून खडी बोली वदवून घेत होते. दुसरं म्हणजे इंग्लंडमध्ये शिकलेली शिस्त त्यांच्यावर लादत होते : इथून तिरकं चाल, इथं थांब, मग बोल. आपल्या बोलीत बोलू दिलं आणि पायांवरचा पहारा उठवला, तेव्हा तीच माणसं फुलली. १९७३ची रायपूरची नाचा कार्यशाळा आणि १९७५चं ‘चरणदास चोर’ ही त्याची फळं. शेक्सपिअरला मात्र त्यांनी या मंडळींना घेऊन हात घातला तो १९९३ साली. ‘अ मिडसमर नाइट्स ड्रीम’ त्यांच्याकडे आलं ते ‘कामदेव का अपना, बसंत ऋतु का सपना’ होऊन. त्या नाटकात सुतार, विणकर, शिंपी असे कारागीर राजाच्या लग्नासाठी नाटक बसवतात. नाचाच्या नटांना त्यासाठी वेगळं काही व्हावं लागलं नसणार.

हे आधी सांगितलं त्याला कारण आहे. ‘हालचालीतून शेक्सपिअर’ असं म्हटलं की लोकांना वाटतं, भाषण पाठ करून घ्यायचं आणि वरून थोड्या हालचाली घालायच्या. बाहेरून घातलेली हालचाल असलेली भाषासुद्धा मारते. माझं म्हणणं याच्या उलट आहे. हालचाल वाक्यातच असते, ती शोधावी लागते, आणि शोधायचं साधन म्हणजे आपले पाय.

आपल्याकडे शेक्सपिअर दोन दारांनी आला. एक दार परीक्षेचं. नागपूर विद्यापीठ १९२३चं. तेव्हापासून इथल्या किती पिढ्यांनी बाकावर बसून ‘संदर्भासह स्पष्टीकरण’ लिहिलं असेल! कोण कोणास म्हणाले, केव्हा म्हणाले. म्हणताना तो उभा होता की गुडघ्यावर, हे कुणी विचारत नसे. त्याला गुण नव्हते. दुसरं दार रंगभूमीचं. महादेवशास्त्री कोल्हटकरांनी १८६७ साली ‘ऑथेल्लो’ मराठीत आणलं. कोल्हापूर प्रकरणात आगरकर टिळकांबरोबर १८८२ साली डोंगरीच्या तुरुंगात होते. तिथे ‘हॅम्लेट’चं काम झालं आणि पुढच्या वर्षी ‘विकारविलसित’ बाहेर आलं. देवलांनी ‘झुंझारराव’ लिहिलं, वासुदेवराव केळकरांनी ‘त्राटिका’. आणि या सगळ्यांवर शाहूनगरवासी नाटक मंडळीच्या गणपतराव जोशांचा आवाज. १९२२ साली गणपतराव गेले, पण त्यांच्या हॅम्लेटच्या आख्यायिका आमच्या आजोबांच्या पिढीपर्यंत टिकून होत्या. त्या आठवून पाहा. जवळजवळ सगळ्या आवाजाच्या आहेत. शब्दफेक कशी, कंप कुठे, टाळी कुठे पडली. ते चालत कसे, हे कुणी सांगत नाही.

यात आश्चर्य नाही. मराठी नाटकाचा गद्य नट पल्लेदार वाक्यावर पोसला. गडकऱ्यांची वाक्यं घ्या. गडकरी शेवटी आपल्या शेजारी, सावनेरला येऊन राहिले आणि तिथेच २३ जानेवारी १९१९ला गेले. वय अवघं ३३. त्यांच्या भाषेला दमसास लागतो, म्हणून नटांनी छाती कमावली. छाती कमावणं वाईट नाहीच. पण त्यातून एक सवय लागली : दोन पाय रोवायचे, प्रेक्षकांकडे तोंड करायचं आणि वाक्य एका दमात पार करायचं. वाक्यात विचार चार वेळा वळला असेल, पण नट एकदाही वळत नाही. शेक्सपिअर इथेच हातचा जातो. त्याची पात्रं ठरवून आलेली वाक्यं क्वचितच बोलतात. बोलता बोलता ती ठरवतात.

आता थोडं यंत्राच्या आत डोकावू. शेक्सपिअरच्या पद्याची साधारण ओळ दहा अक्षरांची, तीत पाच आघात : एक हलकं, एक जड. इंग्रजीत अक्षरावर जोर पडतो, म्हणून हे जमतं. आपल्या भाषेत जोराचं राज्य नाही, लघु-गुरूचं आहे, मात्रांचं आहे. तो आघात मराठीत जसाच्या तसा आणायला जाल, तर ऐकणाऱ्याला पाढे ऐकल्यासारखं वाटेल. ठोका येत नाही, मग येतं काय? ओळीत विचाराला लागणारा धक्का येतो. ओळ संपते पण वाक्य संपत नाही. वाक्य संपतं पण ओळ शिल्लक राहते. मध्येच प्रश्न, मध्येच स्वतःला अडवणं. या वळणांवर कुठल्याही एका भाषेची मालकी नाही, आणि ती पायांना कळतात.

सिसली बेरी नावाच्या बाई १९६९पासून पुढे अनेक दशकं रॉयल शेक्सपिअर कंपनीत आवाजाचं काम पाहत होत्या. त्यांचा एक प्रयोग आता जगभर चालतो. भाषण म्हणत सरळ चालायचं. प्रत्येक विरामचिन्हाला दिशा बदलायची. बस्स, एवढंच. मी तो इथल्या मुलांबरोबर मराठी संहितेवर करतो. ‘मॅक्बेथ’मधलं खंजिराचं स्वगत दिलं, तर मुलगा खोलीभर गिरक्या घेतो, भिंतीवर आदळतो, धापा टाकतो आणि चिडून म्हणतो, ‘सर, हा माणूस सरळ काहून चालून नाही राहिला?’ तोच प्रश्न आम्हाला हवा असतो. हवेत दिसलेली वस्तू खरी की मनाचा खेळ, हे ठरवता ठरवता तो माणूस खुनाच्या खोलीच्या दिशेनं निघालेला आहे. त्याची बुद्धी मागे फिरते आणि पाय पुढे जातात. नोट्समध्ये हे ‘अंतर्द्वंद्व’ या एका शब्दात येतं. खोलीत ते धापांमध्ये येतं.

यात एक पथ्य आहे. या गिरक्या प्रयोगात दाखवायच्या नसतात. चार-सहा दिवस चालून झालं की मुलाला उभं करायचं आणि तेच स्वगत जागेवरून हलू न देता म्हणवून घ्यायचं. वळणं आता आत गेलेली असतात. मान किंचित कलते, श्वास तुटतो, नजर परतते. कुणी ‘इथे पॉज घे’ असं सांगितलेलं नसतं, तरी पॉज येतो आणि तो पोकळ वाटत नाही.

पण वर्गात मला सगळ्यात आवडतो तो ‘किंग लिअर’मधला डोव्हरचा कडा. चौथ्या अंकातला. डोळे काढलेला म्हातारा ग्लॉस्टर जीव द्यायला समुद्रकाठच्या कड्यावर निघाला आहे. वाटाड्या आहे वेड्या भिकाऱ्याच्या सोंगातला त्याचाच मुलगा एडगर. म्हाताऱ्याला कड्यावर न्यायचं नाही, पण कड्यावर आणलंय असं भासवायचं आहे. म्हणून एडगर सपाट जमिनीवरून चालवत त्याला सांगतो की चढ किती अवघड आहे बघा, समुद्र ऐकू येतो ना? म्हातारा म्हणतो, मला तर जमीन सपाटच लागते. वर तो हेही म्हणतो की तुझा आवाज बदललाय, तू पूर्वीपेक्षा नीट बोलतोयस. केवढी गंमत आहे पाहा : डोळे गेलेल्या माणसाचे तळवे आणि कान दोन्ही खरं सांगत आहेत आणि शब्द खोटं. शेवटी शब्द जिंकतात. म्हातारा उडी मारतो, सपाट जमिनीवर तोंडावर पडतो, आणि आपण कड्यावरून पडूनही वाचलो असं मानतो.

हे पुस्तकात वाचताना मुलं हसतात. बालिश वाटतं त्यांना. मग एकाच्या डोळ्यांवर ओढणी बांधायची आणि दुसऱ्याच्या हातात त्याचा हात द्यायचा. वर्गाची फरशी सपाट, आमचं नागपूरही बहुतेक सपाटच. सेमिनरी हिल्सला आम्ही टेकडी म्हणतो यावरून काय ते समजा. एडगर झालेल्याला सांगायचं : तू शब्दांनी चढ उभा कर. तो आधी आवाज चढवतो. ग्लॉस्टर ढिम्म. मग तो नुसतं वाचायचं सोडून स्वतः चढ चढू लागतो, गुडघा वर येतो, बोलताना दम लागतो, आणि तो दम हातातून पलीकडे पोचतो. ओढणीवाल्याचा पाय नकळत उंच पडतो. बघणाऱ्या मुलांचं हसू इथे थांबतं.

त्यानंतर येतं कड्यावरून खाली पाहण्याचं वर्णन. अर्ध्या उंचीवर उडणारे कावळे किड्याएवढे, कड्याला लटकून पाला खुडणारा माणूस, किनाऱ्यावरचे कोळी उंदरांएवढे, पलीकडे नांगरलेलं जहाज होडीएवढं. आणि लाटांचा आवाज इतक्या वर येतच नाही. प्रत्येक वस्तू आधीच्या वस्तूपेक्षा खाली किंवा लांब आहे. मुलांनी नजर एकेक पायरी उतरवली नाही, तर ती चित्रांची यादी होते. उतरवली, तर शेवटी पोटात गोळा येतो. गोंदियाकडच्या एका मुलीनं हे वर्णन आधी आपल्या बोलीत, घरच्या विहिरीत वाकून पाहिल्यासारखं सांगितलं होतं. ‘थो पाहा, तिकडे... आन् त्याच्याई खाली’. मग ती छापील मराठीवर आली. शब्द जड झाले, पण नजरेच्या पायऱ्या तिच्याच राहिल्या. शेक्सपिअरच्या रंगमंचावर पडदे नव्हते, रंगवलेले कडे नव्हते. कडा होता तो फक्त बोलणाऱ्याच्या अंगात.

एकदा हे दिसलं की हालचाल ठिकठिकाणी लिहून ठेवलेली सापडते. ‘ज्युलिअस सीझर’मध्ये ब्रूटस लोकांशी गद्यात बोलतो आणि निघून जातो. त्याची वाक्यं तोललेली, काटेकोर. ती मुलांकडून एका जागीच उत्तम होतात. नंतर अँटनी पद्यात बोलतो. तो वर उभा आहे. भाषण ऐन रंगात आलेलं असताना तो लोकांना विचारतो, मी खाली उतरू का? परवानगी घेऊन उतरतो, त्यांना प्रेताभोवती कडं करून उभं राहायला सांगतो, मग सीझरचा झगा दाखवतो. रोममधली गर्दी बदलते ती नुसत्या युक्तिवादानं नाही. अँटनीनं तिला जागेवरून हलवलेलं असतं. हा प्रवेश मी राजकारणातल्या मित्रांना दाखवत नाही. त्यांना तो येतोच.

लेडी मॅक्बेथचंही सांगून टाकतो. आधीच्या अंकांत ती पद्यात बोलते. झोपेत चालते तेव्हा गद्यात. हातावरचं न दिसणारं रक्त धूत राहते आणि वाक्यं तुकड्यातुकड्यांनी पडतात. रुडॉल्फ लाबाननं माणसाच्या हालचालींचे आठ मूळ प्रकार मांडले, त्यांतला एक पिळण्याचा. आमच्या मुलींना लाबान सांगावा लागत नाही. ओली चादर पिळून दाखवा म्हटलं की खांद्यापासून मनगटापर्यंत ते सगळं येतं. चादर काढून घ्यायची, पीळ ठेवायचा आणि बोलायला लावायचं.

आणि मग प्रश्न येतो की हे सगळं इंग्लंडहूनच का आणायचं. आणायचं नाहीच. भरतानं अभिनयाचे चार प्रकार सांगताना आंगिक आणि वाचिक एकमेकांशेजारी बसवले, चालण्यासाठी नाट्यशास्त्रात स्वतंत्र अध्याय दिला. पण तेवढ्या मागे जायचीही गरज नाही. आपली लोकभाषा अंगमेहनतीत घडली आहे. जात्यावरची ओवी दंडाच्या खेचण्यातून आली. वारकऱ्यांची पावली घ्या. मोठ्या अभंगाला सहा, सहा, सहा आणि चार अशी अक्षरं. वर्गात आम्ही आधी अभंग पावलीवर घेतो. तीन चरण पाय भरून टाकतात, चौथ्यावर दोन अक्षरांची जागा मोकळी सुटते आणि अंग तिथे डोलतं. मग मी ‘मॅक्बेथ’मधला खुनानंतरचा नवरा-बायकोचा प्रवेश काढतो. तिथे एक ओळ दोघांत वाटलेली आहे, दोन-दोन शब्दांचे प्रश्न, दोन-दोन शब्दांची उत्तरं. ओळ एकच, म्हणून मध्ये श्वास घ्यायला सवड नाही. आणि कुठे ओळ अर्धीच राहते, तर उरलेली जागा शांततेची, कान देऊन ऐकण्याची. मुलांना हे समजवावं लागत नाही. अभंगाचा मोकळा सुटलेला चौथा चरण नुकताच त्यांच्या पायांतून गेलेला असतो.

इथे झाडीपट्टीची आठवण होणं अटळ आहे. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली. दिवाळी उलटली की वडसा गजबजतं आणि होळीपर्यंत गावोगावच्या मंडपांत रात्रभर नाटकं चालतात. पुण्या-मुंबईच्या मंडळींना या रंगभूमीची दखल घ्यावीशी वाटली ती बहुधा २०२३ साली परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली तेव्हा. तालमी थोड्या, प्रयोग भरपूर, पुढ्यात प्रॉम्प्टर. वाक्य कानावर पडलं की नट ते उचलतो आणि हजारोंच्या मंडपात शेवटच्या माणसापर्यंत पोचवतो. सुशिक्षित नाटकवाले प्रॉम्प्टरला हसतात. त्यांना एवढंच सांगावं की शेक्सपिअरच्या काळी लंडनच्या मंडळ्या रोज निराळं नाटक लावत. नटाला अख्खं नाटक हाती मिळतच नसे. त्याची स्वतःची वाक्यं आणि त्याआधीच्या नटाचे दोन-चार शेवटचे शब्द, एवढंच. समोरचा काय बोलणार हे त्याला बोलताना कळे. म्हणून तो ऐकत असे, अंगानं सावध असे. झाडीपट्टीचा नट हॅम्लेट करील का, हा प्रश्न मला उलटा वाटतो. आमचा करंडकवाला नट समोरच्याचं वाक्य खरोखर ऐकील का, ते विचारा.

करंडकाचा विषय निघालाच आहे. अलीकडे एकांकिका स्पर्धांत ‘फिजिकल थिएटर’ नावाचा प्रकार बोकाळला आहे. काळे कपडे घातलेली दहा मुलं रंगमंचावर येतात, एकमेकांच्या खांद्यावर चढतात, झाड होतात, दार होतात, मग एकदम किंचाळतात. परीक्षक खूश होतात. दार झालेल्या मुलालाही बक्षीस मिळतं. पण त्यातल्या एकाला एक सरळ परिच्छेद म्हणायला सांगा. हात लटकतात. हालचाल आणि भाषा यांचं तिथे लग्नच लागलेलं नसतं, शेजारी राहतात एवढंच. खुद्द हॅम्लेटनं आपल्या वाड्यात आलेल्या नटांना तिसऱ्या अंकात हेच बजावलंय : हातवारे शब्दांना धरून असू द्यात, हवा कापत सुटू नका. ते ऐकवून आमची मुलं पुन्हा हवा कापतात, ही गोष्ट निराळी.

आता एक आक्षेप. तो मला सभ्य शब्दांत अनेकदा ऐकवला जातो. बोलीतून, पावलीतून, चादर पिळून शेक्सपिअर केला, तर त्याचं भारदस्तपण राहतं कुठे? भारदस्तपण हे एकसुरी असतं असा या आक्षेपाचा समज आहे. शेक्सपिअर तसा नाही. खून करून आलेला मॅक्बेथ आपल्या हातांविषयी बोलताना एका ओळीत लांबलचक लॅटिन वळणाचे शब्द वापरतो आणि लगेच चिमुकल्या, रोजच्या शब्दांवर घसरतो. मराठीलाही असेच दोन मजले आहेत. गडकरी एका पानात दोन्हींवर चढउतार करत. संस्कृत समासांवर मुलांची पावलं आपोआप लांब पडतात, बोलीवर ती जवळ जवळ येतात. बोली काढून टाकली, तर वरच्या मजल्याला जिनाच उरत नाही.

आणि भारदस्त संहिता आमच्याकडे आहेच, ती इथलीच आहे. नागपूरच्या नाना जोगांनी ‘हॅम्लेट’ मराठीत आणलं. २०१८ साली चंद्रकांत कुलकर्णींनी मोठ्या व्यावसायिक रंगमंचावर ‘हॅम्लेट’ उभं केलं, सुमीत राघवन हॅम्लेट झाले, तेव्हा त्यांनी जोगांचीच संहिता घेतली. शिरवाडकर, विंदा, पाडगावकर अशा थोर कवींनी शेक्सपिअरला हात घातलेला असताना नाटकवाल्यांनी पुन्हा जोगांकडे वळावं, यात मला नवल वाटत नाही. ती वाक्यं घेऊन चालता येतं.

त्याच संहितेवरून आमच्या वर्गात सध्या भांडण चालू आहे. तिसऱ्या अंकातलं ते जगप्रसिद्ध स्वगत. अर्ध्या मुलांचं म्हणणं, हॅम्लेटनं चालावं, कारण जगणं आणि मरणं या दोन टोकांमध्ये तो हिंडतो आहे. उरलेल्यांचं म्हणणं, त्यानं मुळीच हलू नये. विचारानं कृती थिजते असं तो स्वतःच म्हणतो, मग पाय कसे चालतील? पहिल्या गटातल्या एकानं यावर सुनावलं की थिजायला आधी चालत असावं लागतं. हा मुद्दा मला बिनतोड वाटतो, पण दुसरा गट मानायला तयार नाही. तेव्हा पुढच्या महिन्यात आम्ही दोन्ही करून पाहणार आहोत, एकाच संध्याकाळी, पाठोपाठ. श्रोत्यांपैकी कुणाला यायचं असेल तर अवश्य यावं. खुर्च्या नसतील, आणि चपला दाराबाहेर काढाव्या लागतील.